कोपराखालचा हात

ताप एकशे दोन होता, पण कान शाबूत होते. मधल्या खोलीतून आईचा आवाज आला, "ये माय, जरा माझा हात धर," आणि मी पांघरुणातून तोंड बाहेर काढलं. वाटलं, मलाच बोलवायलीय. एकोणपन्नास वर्षांची बाई मी, कचेरीत बावीस वर्षं टेबल सांभाळतेय, चार शिपायांना दरडावते, आणि आईच्या एका हाकेला तापात उठून पाय खाली टाकले. फरशी बर्फासारखी लागली. दात वाजायला लागले आणि मग कळलं की हाक मला नव्हतीच. मला ती रुद्रा म्हणते, फारच लाडात आली तर 'आगं ए'. 'माय' तिनं मला उभ्या जन्मात म्हटलं नाही. 'माय' म्हटलं होतं संघप्रियाला, माझ्या भावाच्या बायकोला. जिच्या हातचं पाणी आई सुरुवातीची चार वर्षं प्यायली नव्हती, तिला. मी परत आडवी झाले, पांघरूण डोक्यावर घेतलं आणि कान उघडे ठेवले.

हात धर म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. आम्हा लिंगायतांच्या घरात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. सकाळी अंघोळ करायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, तो हात डोळ्यांसमोर धरायचा, उजव्या हातानं भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि मग त्याच्याकडं एकटक बघत बसायचं. आई अर्धा तास बसते. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही तिचा हात जरासुद्धा हलत नसे. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घेत नाही आणि पूजा चालू असताना खोलीत कुणी पाऊल टाकलेलं तिला चालत नाही. बसवंतराव, म्हणजे आमचे बाबा, होते तेव्हा तेसुद्धा बाहेर ओसरीवर पेपर वाचत बसायचे. आणि मी तर तेवीस वर्षं त्या दाराबाहेर चहाचं आधण ठेवून थांबत आलेय. आत काय चालतं ते फक्त आवाजावरनं ओळखायचे, भस्माच्या डबीचं झाकण उघडलं, बेलाचं पान वाहिलं, बांगडी वाजली, झालं, आता चहा टाकावा. त्या खोलीत आता संघप्रिया होती, आईच्या मांडीला मांडी लावून. दार तर उघडंच होतं, माझ्या पलंगावरून दिसत होतं!

चूक माझीच झाली. शनिवारी शेजारच्या शाळेत करोनाच्या बूस्टरचं शिबिर होतं. फुकट आहे, श्रावण आहे, गर्दी वाढायच्या आत घेऊन टाकू, म्हणून मीच आईला घेऊन गेले. रांगेत पुढं आलो तेव्हा नर्सनं विचारलं, "आजी, कोणत्या हाताला देऊ?" आईनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "डाव्या द्या. उजव्यानं जेवायचं असतंय." रांगेतली सगळीच माणसं डावा सांगत होती. आईनं माझ्याकडं बघितलं. पदर सारखा केला आणि बाही वर सरकवली. मी पण डावाच हात पुढं केला. मग अर्धा तास बाकावर बसवलं, खारी बिस्किटं दिली, आणि आम्ही मायलेकी रिक्षानं घरी आलो. संध्याकाळी ताट घेताना आईचा हात अर्ध्यातच थांबला. सकाळपर्यंत दंड टरारून सुजला होता, लाल चट्टा पडला होता, काखेत सुपारीएवढी गाठ, आणि हात छातीच्या वर जाईना. घरात दुसरं कुणीही असतं तर त्याला सुचलं असतं की या बाईचा डावा हात म्हणजे देव्हारा आहे, त्याला सुई लावू नये. मला नाही सुचलं. कारण माझं स्वतःचं लिंग कपाटात टॉवेलांच्या घडीखाली पडलंय.

मानवतच्या सासरहून परत आले तेव्हाचं ते. दिलेलं घर सरकी-कापसाच्या व्यापाऱ्याचं, चौदा महिने राहिले. नवरा मारत नव्हता, काही नव्हतं, फक्त माझ्याशी बोलत नव्हता. घरातल्या सगळ्यांशी बोलायचा, हमालांशी बोलायचा, माझ्यापाशी आला की गप्प. आजही कापसाची धूळ नाकात गेली की मला ती खोली आठवते. एक दिवस पिशवी घेतली आणि एसटीत बसले. निरोप गेला होता, परभणीच्या स्टँडवर आई आली होती. का आलीस, विचारलं नाही तिनं. पिशवी घेतली आणि पुढं चालायला लागली. त्यानंतर मी पूजेला बसले की मला तळहातावर काही दिसेनाच. नुसता एक काळा दगड. किती दिवस बघत बसायचं? मी ते गळ्यातून काढलं. पण आईला कसं सांगणार? म्हणून रोज सकाळी खोलीचं दार लावायचं, दहा मिनिटं पलंगावर बसायचं, हल्ली मोबाइल बघायचा, कपाळाला भस्माची तीन बोटं ओढायची आणि बाहेर यायचं. तेवीस वर्षं! रविवारीही मी तसंच केलं. अंगात कणकण, डोकं ठणकतंय, डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलाय, तरी सवयीनं दार लावलं आणि भस्म ओढून बाहेर आले. आई तिच्या चौरंगापुढं तशीच बसून होती, हात उचलायचा प्रयत्न करून करून घामाघूम. एकदा तर लिंग तळव्यावरनं निसटणारच होतं म्हणे, तिनं छातीशी दाबून धरलं. माझ्या कपाळाकडं बघून तिनं विचारलं, "झाली तुझी पूजा?" झाली म्हणाले. "हात उचलला का तुझा?" उचलला की. "आस्सं," आई म्हणाली. "येकाच बाटलीतली सुई. तुझा बरा उचलला."

तापानं तोंडाला आधीच लोखंड चाटल्यासारखी चव आली होती, ती घशापर्यंत उतरली. "ताप आहे मला," एवढं म्हणाले आणि जाऊन पडले. तिला ठाऊक होतं. कधीपासून ठाऊक होतं कुणाला माहीत. आता मी कोणत्या तोंडानं म्हणणार, आई, मी तुझा हात धरते? तरी मी वाट बघत होते, तिनं बोलवावं म्हणून. ती तशीच उपाशी बसून राहिली, सकाळची दुपार झाली, गोळी नाही, पाणी नाही. शेवटी मी मल्लेशला फोन केला. भाऊ माझा फिरतीवर असतो, खतं-बियाण्यांच्या कंपनीत. त्या दिवशी गंगाखेडच्या पुढं कुठंतरी होता. त्यानं बायकोला पाठवलं. म्हणजे संघप्रियाला त्या घरात मीच आणलं, हेही लिहून ठेवा माझ्या नावावर.

"आई, दोन घास खाऊन घ्या, गोळी घ्यायचीय," असं आल्या आल्या तिनं सांगितलं. ती पेडगावच्या शाळेवर शिक्षिका आहे. तिच्या आवाजाला नाही म्हणायची मुलांची टाप नसावी. आई म्हणाली, "पूजा झाल्याबिगर न्हाई." "मग करा की." "हातच उचलंना गं." आणि मग ते, ये माय, जरा माझा हात धर. संघप्रिया म्हणाली, "धरते. पण मी हात जोडणार न्हाई हां आई, आधीच सांगते." मला वाटलं, आता आई भडकते. मनातल्या मनात म्हणाले, भडक, भडक! आई म्हणाली, "नको जोडू. तू कोपराखाली धर. लिंगाला तेवढं बोट लावू नको." "न्हाई लावत." आणि मग भस्माच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज. अर्धा तास. मी पांघरुणात घामानं भिजत मोजत होते.

लोक म्हणतील, सुनेनं सासूचा हात धरला, चांगलंच झालं की. मल्लेशनं तर फोनवर हुंदकाच दिला. अकरा वर्षं ज्याची वाट बघत होता ते झालं होतं. मला नाही चांगलं वाटलं. खोटं कशाला बोलू? मत्सर वाटला, पोटातून, पायाच्या अंगठ्यापासून. रजिस्टर लग्न करून मल्लेश तिला, बौद्धांच्या मुलीला, घेऊन आला तेव्हा आईनं दार उघडलं होतं पण तिच्या हातचा पाण्याचा पेला उचलला नव्हता. प्रवचनाला जाऊन सगळी माणसं एकच असं ऐकून यायचं आणि घरी पेले वेगळे ठेवायचे, असला कारभार. संघप्रिया समोर बसलेली असायची, आईला तहान लागायची, आणि आई हाक मारायची मला. मी आतून पाणी घेऊन यायचे. संघप्रिया खिडकीकडं बघायची. मला तिची दया येत होती असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. पण तो पेला नेताना माझी चाल बदलायची, हे आता तापात मला साफ दिसत होतं. त्या चार वर्षांत मी या घरात कुणीतरी होते. पुढं कधीतरी आई तिच्या हातचं पाणी प्यायला लागली, कधी ते मला कळलंसुद्धा नाही. मला न विचारता प्यायला लागली.

सोमवार, मंगळवार ती सकाळी सातला यायची. श्रावणी सोमवारी बेल पण तीच घेऊन आली, शाळेच्या वाटेवरचा. आईची पूजा झाली की माझ्या उशाशी यायची. "ताई, काखेत गाठ आलीय का? घाबरू नका, जाती ती." पेज करून ठेवायची, थर्मामीटर झटकून तोंडात द्यायची, कपाळावर ओली घडी ठेवायची. चांगली करायची सगळं. इतकं चांगलं करायची की चिडायलाही जागा ठेवत नव्हती. मी डोळे मिटून घ्यायचे. मिटले की सगळी सांधेदुखी एका जागी गोळा व्हायची, डाव्या कोपरात, आणि तिथून आठ वर्षांची मी वर यायची. दीक्षेचा दिवस. जंगमस्वामींनी तळव्यावर लिंग ठेवलं होतं, ओलं, गार. लहान हात, थोड्या वेळात भरून आला आणि थरथरायला लागला. मी रडकुंडीला आले तेव्हा मागून एक हात आला आणि कोपराखाली टेकला. आईचा. बांगड्यांच्या काचा टोचत होत्या, पण माझ्या हाताचं सगळं वजन तिनं घेतलं होतं. "सोड माझ्यावर," ती कानात म्हणाली होती. "सोडून दे." ती जागा माझी होती. कोपराखालचा हात हे माझं आणि आईचं होतं, आणि ते आता तिसऱ्याच बाईनं उचललं होतं, हात न जोडता, खिडकीबाहेर बघत बघत!

मंगळवारी दुपारी ताप उतरला. उठून परसात गेले. आई दोरीवरनं लुगडं काढत होती. दोरी मल्लेशनं उंच बांधलेली, माझासुद्धा हात टाचा उचलल्याशिवाय पोचत नाही. आईनं दोन्ही हात सरळ वर नेले, डावा उजव्याच्या बरोबरीनं, लुगडं ओढलं, झटकलं, घडी घातली. कुठं कण्हली नाही, थांबली नाही. मी दारातून मागं सरकले. म्हणजे हात बरा झाला होता. आणि संध्याकाळी मल्लेशचा फोन आला तेव्हा तीच म्हातारी काय म्हणाली? "दुखायलाय रे आजून. पाठीव तिला उद्या." मी भाजी चिरत होते, विळीवर बोट कापलं असतं.

बुधवारी साडेसहाला आई न्हाणीत असताना मी फोन लावला. "संघप्रिया, आईचा हात बरा झालाय. आता यायची गरज नाही म्हणाली." पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "आई म्हणल्या?" तिनं दोनच शब्द उच्चारले, पण त्यात ती चार वर्षं होती, तो पेला होता, सगळं होतं. मी म्हणाले, "हं." "बरं, ताई." फोन ठेवला आणि मला खरं सांगायचं तर हलकं वाटलं.

आई चौरंगापुढं बसली. सात वाजले, सव्वासात. ती सारखी दाराकडं बघायची. "आली न्हाई आजून?" मी अंघोळ करून तयारच होते, स्वच्छ साडी नेसून. म्हणाले, "मी धरते की." आईनं पुन्हा एकदा दाराकडं बघितलं. मग तिनं गळ्यातलं लिंग काढून तळव्यावर घेतलं. मी तिच्याशेजारी बसले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत, पूजेच्या वेळी. भस्माचा वास, समईचा वास, आईच्या ओल्या केसांचा वास. मी माझा हात तिच्या कोपराखाली धरला आणि श्वास रोखला. तिनं हात उचलला. उचलला आणि तसाच धरला, माझ्या तळव्याच्या बोटभर वर. मी हात जरा उंच केला, तिनं तिचा आणखी वर घेतला. तो टेकलाच नाही. मनातल्या मनात मी म्हणत होते, सोड ना आई, सोडून दे माझ्यावर. अर्धा तास माझा तळवा उघडा राहिला, दंड ठणकायला लागला, आणि त्यावर काही आलं नाही.

पूजा आटोपल्यावर तिनं विचारलं, "तिनं फोन केलता का?" मी म्हणाले, "हो. येत नाही म्हणाली." "का?" "काही बोलली नाही." एकदा खोटं बोललं की दुसरं आपोआप येतं. मला वाटलं, आई चिडेल, म्हणेल, बघ, शेवटी परकी ती परकीच. आईचं तोंड एवढंसं झालं. "माझंच काही चुकलं आसंल," ती म्हणाली. माझ्या आईच्या तोंडून चुकलं हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. "चार वर्सं पाणी पिले न्हाई मी तिच्या हातचं. तसली गोष्ट इसरतंय का माणूस? आता गरजंला हात धर म्हणले, तर तिला वाटलं आसंल, म्हातारी मतलबी हाय." मी म्हणाले, "अगं, हात तर बरा झालाय तुझा! काल दोरीवरनं लुगडं काढलंस, बघितलं मी. आता तिचं कामच काय?" आईनं लाजून मान खाली घातली, नव्या नवरीसारखी. "झालाय बरा. पर सांगवंना. म्हणलं, सांगितलं की यायची न्हाई ती." मग मी ते बोलून टाकलं, जे बोलायचं नव्हतं. "आणि मी कोण? मी नाही का इथं?" आईला माझा प्रश्नच कळला नाही. "तू हायेसच की," ती म्हणाली, आणि खुंटीवरची पिशवी काढली. "चल, मला घिऊन चल तिच्या घरला."

मल्लेशनं वसमत रोडला घर घेऊन सहा वर्षं झाली, आई तिकडं एकदाही गेलेली नाही. रिक्षात ती पुढच्या दांडीला धरून ताठ बसली होती. मी बाजूला. सांगून टाकावं, दहा वेळा तोंडापर्यंत आलं. आई, तिनं नाही, मीच नको म्हणाले. इतकं सोपं वाक्य. पण मग ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघेल ती मला त्या शिबिराच्या रांगेतच दिसली होती, आणि ती पुन्हा बघायची माझी ताकद नव्हती. जवळ काय उरलं होतं माझ्या? तू हायेसच की, एवढंच. तेही गेलं तर? उड्डाणपुलावर रिक्षा अडकली तेव्हा मला वाटलं, इथंच अडकून राहावी दिवसभर. रिक्षावाल्याला थांबायला सांगून आम्ही जिना चढलो. आई दोन पायऱ्यांना एकदा दम खात होती.

संघप्रिया डबा आणि गाडीची चावी हातात घेऊन निघायच्याच बेतात होती. दार उघडून आईला बघितलं आणि तिचा चेहरा आधी घट्ट झाला. आई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "राग धरलास का गं माय माझ्यावर?" ती म्हणाली. "मागचं मनात ठिवून आली न्हाईस ना आज? म्हाताऱ्या माणसाची चूक पोटात घाल." संघप्रियानं आईकडं बघितलं, मग आईच्या खांद्यावरून माझ्याकडं. मी भिंतीवरच्या मीटरच्या पेटीकडं बघत होते. किती वेळ गेला असेल, दोन सेकंद, चार. आता बोलेल, म्हटलं. बोलायलाच पाहिजे तिनं. मी असते तर बोलले असते. "राग कशाचा, आई?" संघप्रिया म्हणाली. "मी पण काल डोस घेतला ना. रात्रीपासनं कणकण हाय, म्हणून ताईंना म्हणले, आज येत न्हाई." तिनं बूस्टर जुलैतच घेतला होता, शाळेतल्या सगळ्या स्टाफबरोबर, मला स्वतः सांगितलं होतं. ती माझ्यासाठी खोटं बोलत होती. आणि किती सहज, किती स्वच्छ बोलली! मला साधं खोटंसुद्धा इतकं चांगलं बोलता आलं नव्हतं.

आईनं उंबरा ओलांडला आणि हात तिच्या कपाळावर ठेवला. "गोळी घितलीस का? आन आसल्या आंगानं शाळंत निघालीस व्हय? ठिव तो डबा. निजायचं गुमान." संघप्रिया माझ्याकडं बघत म्हणाली, "आई, अहो, जाते मी, येवढं काही न्हाई..." पण आईनं तिच्या हातातली चावी काढून घेतली होती. तीन दिवस भिंतीपलीकडं मी तापानं फणफणले होते आणि माझ्या कपाळाला आईचा हात लागला नव्हता. तिचाही हात दुखत होता, तीही आजारी होती, सगळं मला कळतं. "रुद्रा, तू जा कचेरीत," आई मागं न बघता म्हणाली. "पोरीला ताप हाय. मी ऱ्हाते हितं आज." मग पलंगावर टेकली, पदरानं तोंड पुसलं, आणि म्हणाली, "आधी मला पाणी दे गं माय पेलाभर, मग नीज." संघप्रिया आत गेली. मी चपला काढल्याच नव्हत्या. तशीच जिना उतरून खाली आले. रिक्षावाल्यानं मान मागं करून विचारलं, "आजी न्हाई येत का?"

"न्हाई," मी म्हणाले. "त्या थांबल्यात, सुनेकडं."